आधी नखं बघ

सप्रेम आशीर्वाद,

तुझा मेल दोनदा वाचला. बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, मग जिम, मग विम्याच्या क्लेमचं टेबल, मग मावसभावाच्या बेकरीचा हिशेब, आणि आता तिशीला टेकल्यावर कुत्र्यांची फिजिओथेरपी. ‘माझं सगळं धरसोडीचं आहे’ म्हणतेस. असेल. माझंही होतं. न्यूरो वॉर्ड सोडून मी तीन वर्षं सहलींच्या कंपनीत काढली, मग आईच्या शिवणाच्या दुकानात बसले. पण टेप कशी धरायची ते कॉलेजात नाही, त्या दुकानात कळलं. आज कुत्र्याच्या मांडीचा घेर घेताना टेप दरवेळी त्याच जागी, तेवढ्याच ताणाने पडते. स्नायू अर्धा सेंटिमीटर भरला की नाही, ते त्यावरच कळतं. आणि क्लेमच्या टेबलावर तू शिकलीस ते इथे रोज लागेल. आमचे पेशंट काहीच सांगत नाहीत, मालक जरा जास्तच सांगतात.

सुरुवातीला हात मागे ठेव. कुत्रा दारातून आत येतो तेव्हाच निम्मी तपासणी होते. मागच्या पायांची मधली दोन नखं वरून घासलेली असतील तर तो पाय ओढतोय, मालक काहीही म्हणोत. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगल्या पायावर खाली येतं. नवख्यांना हे हमखास उलटं वाटतं. ओठ चाटणं, तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई देणं, हे त्याचं ‘दुखतंय’. गुरगुरणं फार नंतर येतं.

माणसाची शरीररचना पाठ आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ज्याला लोक ‘उलटा गुडघा’ म्हणतात तो कुत्र्याचा घोटा असतो. पुढचे पाय धडाला सांध्याने नाही, नुसत्या स्नायूंनी जोडलेले असतात, आणि उभं असताना सुमारे 60 टक्के वजन त्यांच्यावरच असतं. मागचा पाय अधू झाला की खांदे आखडतात ते त्यामुळे.

आता जे सांगायला मला आवडत नाही ते. पहिल्याच वर्षी ओळखीतून एक मोठा कुत्रा आला. पुढच्या पायाने लंगडत होता, मनगटाच्या वर थोडी सूज. पशुवैद्याची चिठ्ठी न मागता मी बारा दिवस शेक आणि व्यायाम दिला. मग एक्स-रे निघाला. हाडाचा कर्करोग. बारा दिवसांनी शेवट बदलला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पण तेवढे दिवस माझ्या हाताखाली तो सोसत होता, आणि जांभया देत होता.

तेव्हापासून चिठ्ठीशिवाय मी कुत्र्याला हात लावत नाही. आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे निदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचंच काम आहे. तू ब्रिटनच्या कोर्सचं विचारलंस. तिथेही फिजिओ काम करतो तो पशुवैद्याच्या निर्देशाखालीच. दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट भिंतीला शोभतं, एवढंच.

यंत्रांच्या मागे लगेच लागू नकोस. पाण्यातली ट्रेडमिल उत्तमच. पाणी खुब्यापर्यंत आलं की पायांवर वजनाचा जेमतेम 38 टक्के भार उरतो. पण मणक्याचं ऑपरेशन झालेला डॅशहुंड घरी जाऊन गुळगुळीत टाइल्सवर घसरला की सगळं पाण्यात. म्हणून मी पहिल्या भेटीला घरी जाते आणि पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुने योगा मॅट अंथरायला लावते. त्याचे पैसे कुणी देत नाही, तरी जाते.

शनिवारी साडेदहाला ये, एक कुत्रा येणार आहे. रेबीजची प्रतिबंधक लस घेतली नसशील तर आधी घे. नखं काप, अत्तर लावू नकोस, बिनमिठाचं उकडलेलं चिकन डब्यात आण. पहिला तास कोपऱ्यात खाली बसायचं आहे, त्याच्याकडे न बघता. म्हातारा आहे, त्याला वेळ लागतो.

तुझी ताई