भंगारातले पार्ट जमवून जुन्या येझदी 250 चं इंजिन घरी बांधता येईल का?
येते ना भाऊ, पण भंगारातून सगळंच उचलू नका. हेड, केसिंग, गिअर जुने चालतात. क्रँकचे ऑइल सील आणि पिस्टनच्या रिंगा नव्याच घ्या. टू-स्ट्रोक आहे ही, तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असते. सील गळकं असलं की क्रँककेस बाहेरची हवा ओढते, पेट्रोल कमी पडतं, त्यासोबत तेलही, आन् पिस्टन जाम! मी ऐन तुरीच्या हंगामात धुऱ्यापासून घरापर्यंत गाडी ढकलत आणलीय. रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या तोंडात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. 65 मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) साधारण 0.2 ते 0.3 मिमी फट हवी. बोअर ओरखडला असेल तर यवतमाळला बोअरिंगवाल्याकडे न्या, पण पिस्टन सोबत घेऊनच. सुरुवातीला लिटरभर पेट्रोलला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल.