इंजेक्शन देऊन काढलेल्या म्हशीच्या दुधामुळे मुलींना लवकर पाळी येते का?

तुम्ही विचारलंय की ज्या तबेल्यातून दूध आणता तिथे धारेच्या आधी म्हशीला रोज सुई टोचतात, ते ऑक्सिटोसिन, म्हणजे दूध उतरवणारं हॉर्मोन, असल्याचं तुम्हाला कळलंय, आणि त्या दुधाने मुलींना लवकर पाळी येते असं सोसायटीत सगळे म्हणतायत. घरात सात वर्षांची मुलगी आहे, मग दूध बंद करायचं का? मी पशुवैद्यक आहे आणि माझं बहुतेक काम दुधाळ जनावरांचंच आहे. आधी उत्तर देतो: त्या इंजेक्शनमुळे दुधातून तुमच्या मुलीला काही होणार नाही. म्हशीला मात्र होतं, आणि तिच्यासाठी ती सुई थांबायला हवी.

हे समजायला पान्हा म्हणजे काय ते पाहावं लागेल. दूध तयार होणं आणि दूध सुटणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची हॉर्मोनंही वेगळी आहेत. दूध दिवसभर कासेतल्या बारीक बारीक पिशव्यांमध्ये तयार होत राहतं. त्यामागे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागातून येणारं प्रोलॅक्टिन आणि वाढीचं हॉर्मोन असतं, शिवाय चारा, पेंड, पाणी हे सगळं आलंच. पण तयार झालेलं दूध आपोआप सडात उतरत नाही. गाईच्या कासेत धारेपूर्वी साधारण पाचवा भाग दूध सडांच्या वरच्या पोकळीत येऊन थांबलेलं असतं. म्हशीत हा वाटा विसाव्या भागाच्या आसपास असतो. म्हणजे म्हशीने पान्हा सोडला नाही तर गवळ्याच्या हाताला जवळपास काहीच लागत नाही. त्यात तिच्या सडाचं तोंड गाईपेक्षा घट्ट. म्हणून या इंजेक्शनच्या तक्रारी म्हशींच्या तबेल्यांतून इतक्या येतात.

पारडू सडाला तोंड लावतं, कासेला ढुशा देतं, तेव्हा सडाच्या कातडीतल्या मज्जातंतूंमधून संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. तिथल्या पेशींनीच ऑक्सिटोसिन बनवलेलं असतं आणि ते पिच्युटरीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं. संदेश आला की ते रक्तात सुटतं, कासेत पोहोचतं आणि दुधाच्या पिशव्यांभोवती जाळ्यासारख्या असलेल्या पेशींना आवळतं. दूध खाली ढकललं जातं, सड तटतटतात, पान्हा फुटतो. म्हशीला याला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो, दोन मिनिटं किंवा त्याहूनही अधिक. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं, म्हणून धार सुरू झाली की थांबायचं नसतं.

मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, की तिला सवय लागते. रोजचा माणूस, रोजची वेळ, बादलीचा आवाज, पुढ्यात आलेलं आंबोण, एवढ्यानेही ऑक्सिटोसिन सुटू लागतं. सडाला हात लागायच्या आधीच. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर, रस्त्याच्या गोंगाटात म्हशी निवांत धार देतात ते याच सवयीमुळे. उलट अनोळखी माणूस, भुंकणारं कुत्रं, काठीचा एक फटका, आणि मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीतून ॲड्रिनलिन सुटतं. भीतीने मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटणंच अडतं, आणि रक्तवाहिन्या आवळल्यामुळे सुटलेलंही कासेपर्यंत नीट पोहोचत नाही. याला आपण म्हैस पान्हा चोरते म्हणतो. चोरी तिच्या मनात नसते, ती घाबरलेली असते.

आता सुई का, ते. शहरातल्या तबेल्यात पारड्याला पोटभर दूध पाजणं मालकाला परवडत नाही. नर असेल तर त्याची आबाळच होते आणि बरीच रेडकं लवकर मरतात. पारडू गेलं की म्हैस पान्हा घालत नाही. मग धारेआधी बाहेरून ऑक्सिटोसिन टोचलं की मिनिटभरात दूध उतरतं, न पान्हवता, न चुचकारता. पूर्वी याच कामासाठी ‘फुका’ नावाचा क्रूर प्रकार होता, जनावराच्या योनीत हवा फुंकायची. तो लागू पडायचा, कारण विताना गर्भमार्ग ताणला की त्या ताणानेही ऑक्सिटोसिन सुटतं. गांधीजींनी गाईम्हशीचं दूध सोडलं, त्यामागे कलकत्त्यातल्या या प्रथेबद्दल वाचलेलं हे एक कारण होतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये फुक्याला बंदी आहेच, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं इंजेक्शन देणंही त्यात गुन्हा आहे.

रोज टोचल्याने काय होतं? मेंदूपासून कासेपर्यंतची ती साखळी वापरात राहत नाही. म्हैस सुईवर विसंबते, एक दिवस सुई चुकली तर दूध अडतं. ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आवळतं, म्हणून गाभण जनावराला ते विनाकारण देणं धोक्याचं. त्यात बाटली बहुतेक वेळा बिनलेबलची, आत किती औषध आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि एकच सुई सगळ्या गोठ्यात फिरते. मानेवर, पुठ्ठ्यावर गाठी आलेल्या म्हशी मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं. दुधाचा थोडा फायदा होतो हेही खरं आहे, कारण कासेत मागे राहणारं, जास्त स्निग्धांशाचं शेवटचं दूधही निघून येतं. पण दूध बनण्याची मूळ क्षमता त्या इंजेक्शनने वाढत नाही.

आता तुमच्या मुलीकडे येतो. ऑक्सिटोसिन हा फक्त नऊ अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या घटकांचा, तुकडा आहे. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. असा तुकडा पोटात गेला की पाचक रस त्याला तोडून टाकतात. इन्शुलिनही अशीच अमिनो आम्लांची साखळी आहे म्हणून ते तोंडाने घेता येत नाही, थायरॉईडचं हॉर्मोन तशी साखळी नाही म्हणून त्याची गोळी घेता येते. म्हणून तर प्रसूतिगृहातही ऑक्सिटोसिन सलाईनमधून किंवा सुईने देतात. शिवाय इंजेक्शन न दिलेल्या जनावराच्या दुधातही ते अत्यल्प असतंच, आईच्या दुधातही असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हे तपासलं होतं: इंजेक्शन दिल्याने दुधातलं प्रमाण वाढत नाही आणि जे असतं ते पचनात नष्ट होतं.

आणि मुळात ऑक्सिटोसिनचा वयात येण्याशी संबंध नाही. पाळीची सुरुवात मेंदूकडून होते. पिच्युटरीची वेगळी हॉर्मोनं बीजांडकोशाला जागं करतात आणि तिथून इस्ट्रोजेन येतं. मुलींना पाळी पूर्वीपेक्षा लवकर येते हे खरं आहे. त्यामागे सुधारलेलं पोषण आणि लहानपणीचं वाढलेलं वजन ही मोठी कारणं दिसतात. तुमच्या मुलीला आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसू लागली तर दुधावर खापर फोडत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या. त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही आहेत.

दुधाबद्दल काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करा. कासदाह झालेल्या म्हशीला प्रतिजैविकं दिली की ठरावीक दिवस तिचं दूध विकायचं नसतं. तो नियम अनेकदा पाळला जात नाही, आणि ती औषधं उकळूनही पूर्ण जात नाहीत. तबेलेवाल्याला हा प्रश्न जरूर विचारा.

ऑक्सिटोसिनवर सरसकट बंदी आणा, असं मात्र म्हणू नका. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध बायकांचे जीव वाचवतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने खाजगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ते बनवायला मनाई केली, तेव्हा मातांना औषध कमी पडेल ही भीती पुढे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आम्हा पशुवैद्यकांनाही अडलेल्या विण्यात, जार अडकल्यावर ते कधीकधी लागतं, पण ते तपासून, मोजून.

तुमच्या तबेलेवाल्याशी आधी शांतपणे बोला. आंबोण धारेच्याच वेळी पुढ्यात ठेवायचं, माणूस आणि वेळ बदलायची नाही, कास कोमट पाण्याने धुऊन दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने चोळायची, मारायचं नाही, आणि पारडू असेल तर त्याला आधी पाजायचं. सुईवर गेलेली म्हैसही यावर परत येते, पण सुरुवातीचे काही दिवस दूध कमी मिळेल आणि तेवढा धीर त्याला धरावा लागेल. तुम्ही आणि शेजारचे चार गिऱ्हाईक त्या दिवसांत त्याच्याकडूनच दूध घेत राहिलात तर त्याला ते सोपं जाईल. ऐकलंच नाही, तर बिनलेबलच्या बाटल्यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, आणि जनावरासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगता येतं.