बँकेला चातुर्मास कळत नाही

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. पगार ३१,००० रुपये, बँकेत शिल्लक ९५,०००. सुट्टीच्या दिवशी मेहुण्याचा निकॉन डी५३०० घेऊन बारशी, वाढदिवस करतात. आता मिरजेच्या एका मुरलेल्या फोटोग्राफरने लग्नांत जोडीला बोलावलंय. दिवसाचे ३,५०० रुपये, हंगामात चौदा दिवस तरी काम, पण कॅमेरा स्वतःचा हवा. पर्याय तीन: कॅनन आर५० किटसकट (म्हणजे सोबतच्या लेन्ससह) ७०,०००ला, कॅनन आर८ दीड वर्षाच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर १,६०,०००ला, नाहीतर वापरलेल्या निकॉन डी७५०ची लेन्सशिवाय नुसती बॉडी ४६,०००ला.

आर८चा विषय आधी मिटवू. महिन्याला ८,८८९ रुपयांचे अठरा हप्ते. आपल्याकडे लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थंडावतात, हप्ता मात्र बाराही महिने. त्या चार महिन्यांत साडेपस्तीस हजार तुमच्या पगारातून जाणार. वर्षाचे हप्ते लाखाच्या वर आणि चौदा दिवसांची कमाई ४९,०००! शिवाय 'नो कॉस्ट' हे नावापुरतंच. दुकानदार व्याजाइतकी सूट देतो, बँक व्याज लावतेच, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. १५ टक्के दर धरला तर व्याज साधारण साडेसतरा हजार, म्हणजे जीएसटी तीन हजारांच्या पुढे. प्रोसेसिंग फी असली तर ती वेगळी.

आर५० स्वस्त आहे, नवा आहे, वॉरंटी आहे. घरगुती कार्यक्रमांना मी बिनदिक्कत 'घ्या' म्हटलं असतं. पण लग्नाला? त्यात मेमरी कार्डाचा खण एकच. (आर८लाही एकच, एवढे पैसे मोजून!) अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे निम्मे फोटो असेच एका बिघडलेल्या कार्डाबरोबर गेले. फोटोग्राफर बिचारा पैसे परत द्यायला तयार होता, पण पैशांचं काय करायचं? डी७५०ला दोन खण आहेत, मेनूत तसं ठरवून ठेवलं की प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरतो.

तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत आलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली: तुमच्याकडे निकॉनची ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे. डी५३००चा सेन्सर छोटा, त्यावर ती ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, म्हणून हळदीला छोट्या खोलीत तुम्ही पाठ भिंतीला टेकवून उभे राहत असणार. डी७५० फुल फ्रेम आहे, म्हणजे सेन्सर मोठा, तिथे ती खरी पन्नास होईल. कॅननवर ती कामाची नाही. आर५०च्या किट लेन्सचं तोंड एफ/४.५च्या पुढे उघडत नाही, अंधाऱ्या कार्यालयात त्रास होईल. म्हणजे ७०,०००वर आणखी एक लेन्स आलीच.

आता पैसे. घरखर्च तुम्ही १८,००० लिहिलाय. तीन महिन्यांचे ५४,००० बाजूला ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. उरले ४१,०००. हंगामाला तीन महिने आहेत, दरमहा ४,००० टाकले की ५३,००० होतात. त्यात डी७५०ची बॉडी, दोन चांगली कार्डं आणि एक जादा बॅटरी बसते. कर्ज शून्य. चौदाऐवजी सातच दिवस मिळाले तरी झोप उडणार नाही, आणि कॅमेरा विकावा लागला तर नव्या कॅमेऱ्याइतकी घट सोसावी लागणार नाही, ती पहिल्या मालकाने सोसलीय.

हे मॉडेल २०१४चं आहे, त्यामुळे डोळे झाकून घेऊ नका. स्वतःच्या कार्डावर एक फोटो काढून घरी एक्झिफ (फोटोत दडलेली माहिती) दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, दिसेल. शटरची चाचणी दीड लाखांपर्यंतची आहे. लग्नात दिवसाला दोन हजार फोटो सहज होतात, म्हणजे ६०,०००च्या आत आकडा असेल तर चौदा दिवसांचे तीन हंगाम तरी निघतील. लाखावर असेल तर भाव पाडा, नाहीतर सोडा. दोन्ही खणांत कार्ड घालून बघा.

जीएसटी नोंदणीची चिंता आत्ता नको, सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. मात्र ही कमाई रिटर्नमध्ये दाखवा. आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा फॉर्म, त्याला चालत नाही.

पैसे देण्याआधी मिरजेच्या फोटोग्राफरना एक विचारून घ्या: फक्त फोटो हवेत, की व्हिडिओही? डी७५०मध्ये फोर-के, म्हणजे जास्त बारकाव्याचा व्हिडिओ, नाही. ते 'व्हिडिओही' म्हणाले तर माझं वरचं गणित बाजूला ठेवा. पहिली दोन-तीन लग्नं भाड्याच्या कॅमेऱ्यावर करा आणि हातात किती उरले ते मला कळवा.