भाऊ असं तुटक का बोलतो?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी आवाज ऐकू यायचे कमी झाले पण बोलणं अजून भरकटतं. आईने विचारलं दार लावलंस का, तर म्हणाला "दार, उदार, उदार कर्ण होता, कर्णाला कान दोन, कानावर येतंय सगळं." आई म्हणते मुद्दाम करतो. मेंदूत नक्की काय होतं? – एक ताई, सातारा

उत्तर : ताई, तो मुद्दाम करत नाहीये, हे आईंना आधी सांगा. त्याचं वाक्य बघा ना, प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला धरूनच आलाय, कधी उच्चारावरून कधी अर्थावरून, फक्त दाराचा मुद्दा सुटला. आपल्याही डोक्यात दार म्हटलं की असे शेजारचे शब्द जागे होतात, पण मेंदूचा पुढचा भाग नको ते दाबतो आणि काय सांगायचंय ते धरून ठेवतो. या आजारात ती पकड सैल पडते. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९११ मध्येच विचारांचे धागे सुटणं हे या आजाराचं मूळ लक्षण मानलं होतं.

पुढे १९९२ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १५ रुग्णांचे एमआरआय तपासले. डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, जिथे ऐकलेल्या बोलण्याचा अर्थ लागतो, तो मेंदूचा भाग निरोगी माणसांपेक्षा सरासरी १५ टक्के लहान होता आणि जितका लहान तितका विचारांचा गोंधळ जास्त. पण ही सरासरी आहे हं, त्यामुळे एकट्या भावाचा एमआरआय काढून आजार कळत नाही, त्यासाठी उगाच पैसे घालवू नका. ईईजीमध्येही, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीतही, दिसतं, वाक्यात न बसणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते, बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या शब्दातला हा फरक या रुग्णांमध्ये बऱ्याचदा कमी असतो.

गोळ्या मुख्यतः डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात, आवाज आणि संशय त्याने बऱ्यापैकी आटोक्यात येतात, बोलणं मात्र काही जणांचं मागे राहतं. पण तेवढ्यासाठी गोळ्या बंद करायच्या नाहीत. घरात एका वेळी एकच माणूस बोला, छोटं वाक्य, टीव्ही बंद, आणि भरकटला की "नीट बोल" म्हणून न ओरडता "दाराचं सांग" एवढंच म्हणा. बोलणं अचानक जास्तच विस्कटलं, झोप उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या, रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.