पाटी लावली म्हणून लॉजवाला सुटत नाही

प्रश्न : वडिलांच्या ऑपरेशनसाठी जतहून मिरजेला आले होते. दवाखान्याजवळच्या लॉजवर उतरले. मागच्या जिन्याकडच्या दाराची कडी बसत नव्हती. संध्याकाळी काउंटरवर सांगितलं, तर पोरगा म्हणाला, "जोरात ढकला, बसते." रात्री दोनला त्याच दारातून एकजण आत आला, मंगळसूत्र ओढलं, झटापटीत माझं मनगट मोडलं. चोर सापडलेला नाही. मॅनेजर 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी ज्याची त्याची' ही पाटी दाखवतो. आता पाच हजार घ्या आणि कागदावर सही करा म्हणतो. खोलीचं बिलही दिलेलं नाही.

उत्तर : ताई, सही करू नका. त्या कागदावर 'माझी कोणतीही तक्रार नाही' हे वाक्य असणारच.

पोलिसांची केस चोरावर आहे. लॉजवाल्याशी तुमचा हिशेब वेगळा, त्यासाठी चोर सापडायची वाट पाहावी लागत नाही. भाडं घेऊन खोली दिली, पण दार लागत नाही, ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी. पाटीचं म्हणाल, तर 2019 साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एका हॉटेलला सांगितलं की, 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येत नाही. मात्र तिथे पाहुण्याची गाडी चोरीला गेली होती आणि तिची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती. मंगळसूत्र तुमच्याच गळ्यात होतं. म्हणून दागिन्याच्या किमतीवर ते भांडतील, मोडलेल्या मनगटावर त्यांना भांडणं जड जाईल.

तुमची खरी ताकद 'जोरात ढकला' या दोन शब्दांत आहे. कडी नादुरुस्त आहे हे त्यांना आधीच माहीत होतं. तेव्हा सोबत कोण होतं? भाऊ असेल तर त्याचं म्हणणं आजच लिहून घ्या. कडीचा फोटो नसेल, तर पंचनाम्यात तिचा उल्लेख आहे का ते बघा. एव्हाना नवी कडी बसलीही असेल. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) जप्त करा असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. एफआयआरमध्ये नुसती 'चोरी' लिहिलीय का तेही पाहा. हात मोडलाय, म्हणजे ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 309 ची जबरी चोरी. सोबत दवाखान्याचे कागद जोडा.

मग लॉजमालकाला स्पीड पोस्टाने नोटीस, आणि उत्तर आलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. मुदत घटनेपासून दोन वर्षं. आयोगाची फी मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या भाड्यावर ठरते. पाच लाखांपर्यंत ती शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही (हे मी वकील असून लिहितोय!). लावायचा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना तो मोफत देतं, उत्पन्न कितीही असो, फोन 15100. आरोपी सापडला नाही तरी पीडित नुकसानभरपाईचा अर्ज तिथेच करता येतो. त्यात काय बसतं ते योजनेवर ठरतं, म्हणून त्याची फार आशा न धरता अर्ज द्या.

बिल दिलं नाही म्हणता. भाडं फोनवरून भरलं असेल, तर त्या व्यवहाराची प्रिंट काढा.