वाचकांचे प्रश्न : घरातला फोटो, बल्बच्या उजेडात

पावसाळ्यात खिडकीच्या उजेडाचा भरवसा नसतो. म्हणून या वेळी बल्बच्या उजेडाबद्दल आलेली पत्रं घेतली आहेत.

येवल्याहून पैठण्या आणून घरातून विकते. फोन चांगला आहे, खोलीत ट्यूबलाइट आहे. तरी फोटोत जांभळी साडी निळी दिसते, जरतार पांढरी पडते, आणि "रंग वेगळा निघाला" म्हणून साड्या परत येतात. रिंग लाइट घेऊ का?

घेऊ नका. रिंग लाइट लेन्सच्या भोवती असतो, त्यामुळे त्याचा उजेड फोनच्या दिशेनेच साडीवर पडतो आणि जरतार तो तसाच सरळ परत फेकते. वीण सपाट दिसते ती वेगळीच. साडीला उजेड बाजूने हवा.

आधी रंगाचं. जांभळ्यात तांबडा आणि निळा दोन्ही असतात. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद तांबडा भाग तुटपुंजा असतो, म्हणून जांभळा निळ्याकडे आणि कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो. हा दोष नंतर अॅपमध्ये पुरता निघत नाही, कारण जो रंग उजेडातच नव्हता तो फोटोत येणार कुठून? बल्बच्या खोक्यावर सीआरआय हा आकडा शोधा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. साधे बल्ब ८०च्या आसपास असतात. ९० किंवा जास्तीचा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. सगळ्या खर्चात हीच एक जागा कंजुषी न करण्याची आहे.

सामान असं: ६५०० केल्विनचे (म्हणजे पांढऱ्या उजेडाचे) १२ वॉटचे दोन बल्ब, एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घेतलेले, वायर जोडलेले दोन होल्डर, लाकडी पट्ट्यांची साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरची चौकट, तिच्यावर ताणून लावायला बटर पेपर, आणि थर्माकोलचा एक मोठा पांढरा तक्ता. बटर पेपरऐवजी पांढरं धोतर चालतं, पण जुनं पिवळसर पडलेलं नको. त्याचा पिवळेपणा साडीवर उतरतो.

दोन्ही बल्ब चौकटीच्या मागे, कागदापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर, एकमेकांपासून थोडे लांब लावा. कागदाला चिकटवले तर मधोमध दोन गोळे उजळतात आणि बाकीचा कागद वाया जातो. सगळा कागद सारखा उजळला पाहिजे, कारण आता तुमचा दिवा बल्ब नसून तो कागद आहे. दिवा वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ आणि जरीवरची चमक पसरट. म्हणूनच चौकट लांब नेऊ नका. लांब गेली की साडीच्या दृष्टीने ती लहानच होते. ब्लाउजपीस किंवा काठाच्या जवळच्या फोटोसाठी ५०-६० सेंटिमीटर पुरे. पूर्ण पदराला मात्र तेवढ्या अंतरावरून एक कड लख्ख आणि दुसरी काळपट येते. तेव्हा चौकट दीड मीटरवर न्या आणि पलीकडच्या बाजूला थर्माकोल उभा करा.

आता खोलीतली ट्यूब आणि बाकीचे दिवे बंद. दोन रंगांचे उजेड एकत्र पडले की साडीची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी येते. फोन एका वेळी एकच बाजू सुधारू शकतो. कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवण्याची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ६५०० आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवा, फोन स्टँडवर लावा. प्रत्येक साडीच्या पहिल्या फोटोत कोपऱ्यात पांढरा कागद ठेवा, म्हणजे नंतर रंग त्यावरून जुळवता येतो.

एक अडचण उरते. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे तिचा "खरा रंग" एक नसतोच. अशा साडीचे दोन फोटो टाका: एक समोरून सपाट, दुसरा चुण्या घालून. त्यातली मोरपिशी झाक आधीच दिसली की परतीची तक्रार कमी होते.

फोटोत आडवे काळे पट्टे येतात, व्हिडिओत तर ते वरखाली सरकतात. फोन बिघडलाय का?

फोन ठीक आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून साध्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या भागाचा) बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र एकेक ओळ करत टिपतो, म्हणून काही ओळी मंद क्षणी पकडल्या जातात. शटर, म्हणजे फोटो टिपण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. प्रत्येक ओळीला पूर्ण ठोके मिळतात आणि पट्टे जातात. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी (उजेडाच्या लुकलुकण्यासाठी) ५० हर्ट्झ असेल तर ते निवडा. (अमेरिकेतल्या नातेवाइकांना मात्र ६० हर्ट्झ आणि १/६० किंवा १/१२० सांगा.)

यूएसबीवर चालणाऱ्या, बटणाने मंद होणाऱ्या दिव्यांचं गणित वेगळं. त्यांतले बरेच दिवे मंद करताना वेगाने चालू-बंद होतात, आणि त्या वेगाचा विजेच्या ५० आवर्तनांशी संबंध नसतो. ते पूर्ण तेजावर ठेवा आणि उजेड कमी हवा असेल तर लांब न्या: अंतर दुप्पट, उजेड साधारण पावपट. दुकानातच पारख करायची तर दिव्यापुढे पेन्सिल भराभरा हलवा. तुटक तुटक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा घेऊ नका.

गणपतीच्या फोटोत मखर झगमगतं, मूर्तीचा चेहरा काळा.

मखराच्या माळा इतक्या तेज असतात की फोन त्यांच्या हिशेबाने सगळा फोटो गडद करतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं तर चेहरा उजळतो आणि माळांचे पांढरे डाग होतात. हा तिढा फोनमध्ये सुटत नाही, चेहऱ्यावर उजेड वाढवूनच सुटतो.

९ वॉटचा पिवळा, २७०० ते ३००० केल्विनचा बल्ब घ्या. पांढरा नको: समईची ज्योत त्याहूनही तांबूस असते, आणि पांढऱ्या बल्बापुढे ती नारिंगी होऊन बाकीचं सगळं इस्पितळासारखं दिसतं. बल्ब मूर्तीच्या समोर, एका बाजूला, डोक्याच्या वर साधारण ४५ अंशांवर धरा, मध्ये बटर पेपरची चौकट. तेलरंगाच्या मूर्तीवर उघडा बल्ब गालावर आणि मुकुटावर पांढरे ठिपके उमटवतो. शाडूच्या मॅट रंगाला इतकी भीती नाही. खालून उजेड कधीच नको, चेहरा भेसूर होतो. भिंतीवरून उजेड परतवणार असाल तर भिंत पांढरी हवी. गुलाबी भिंतीने गणपती गुलाबी होतो.

निळ्या एलईडी माळा सर्वांत त्रासाच्या. सेन्सरचा निळा भाग आधीच भरून जातो आणि मागचं कापड निळा गोळा होतं. त्यांच्यावर पांढरी मलमल टाका, नाहीतर फोटोपुरत्या काढा.

चांदीच्या वाट्या-निरांजनांचे फोटो काढताना त्यात मीच दिसते.

घासलेल्या चांदीचा फोटो म्हणजे तिच्यासमोरच्या खोलीचा फोटो. म्हणून खोलीच पांढरी करा. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या वरच्या आणि दोन बाजूंच्या खिडक्या कापून बटर पेपर लावा आणि बल्ब बाहेर ठेवा. कार्डशीट मागून खाली वळवून घ्या, घडी न पाडता. समोर पांढरा पुठ्ठा, त्यात लेन्सपुरतं भोक. फोन मागे घेऊन २एक्सवर काढा.

एवढं केल्यावर वाटी पांढऱ्यात पांढरी विरघळते, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. खोक्याच्या आत दोन्ही बाजूंना, चित्राबाहेर, दोन बोटं रुंदीच्या काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करा. त्यांचं प्रतिबिंब वाटीच्या कडेवर काळी रेघ म्हणून येतं आणि आकार उठतो. पार्श्वभूमी राखाडी आली तर एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फोन पांढऱ्याला करडं समजतो.

खोक्यात हॅलोजन मात्र लावू नका, कागद पेटू शकतो. एलईडीचाही बुडखा तापतो, त्याला हवा मिळू द्या.

आजोबांचा काचेतला जुना फोटो टिपायचा आहे, फ्रेम उघडत नाही.

फ्रेम भिंतीवर, फोन बरोबर समोर, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक बल्ब ४५ अंशांतून. त्या कोनातली चमक फोनकडे न येता पलीकडे निघून जाते. तरीही काचेत फोन दिसलाच तर काळ्या कागदाला भोक पाडून तो फोनपुढे लावा.