निखारा आधी, ऊद मागून

मस्कत

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, आजी तिन्हीसांजेला धूप घालते तेव्हा घरभर वास दरवळतो आणि मी घातला की सगळे खोकतात, निखाराही मध्येच विझतो, असं का? ऊद तोच, धुपाटणंही तेच. फरक निखाऱ्यात आहे.

ऊद जाळायचा नसतो, तापवायचा असतो. लालबुंद निखाऱ्यावर खडा पडला की भडकन पेटतो, सुवास जळून जातो आणि मागे उरतो डोळ्यांत झोंबणारा काळा धूर. निखाऱ्यावर राखेचा पातळ, पांढरा थर चढू दे, मग खडा टाक. तो आधी वितळेल, बुडबुडे येतील आणि पांढरट धूर निघेल. थर जाड झाला तर खडा नुसताच चिकटून बसतो. तेव्हा चिमट्याने निखारा हलकेच झटकायचा. फुंकर मारू नकोस, राख थेट डोळ्यांत जाते.

विझण्याचं कारण बहुधा धुपाटण्याच्या तळाशी सापडेल. नुसत्या पितळेवर निखारा ठेवला तर पितळ त्याची आच ओढून घेतं, निखारा मरतो आणि मूठ मात्र तापते. म्हणून आधी दोन बोटं कोरडी राख भरायची, वर लिंबाएवढे दोन-तीन निखारे, एकमेकांना चिकटवून. सुटा ठेवलेला निखारा लवकर विझतो.

आणि नारळाच्या सोडणाच्या निखाऱ्यावर धूप घालू नकोस. सोडण चटकन पेटतं, पण त्याचा निखारा भुसभुशीत, बघता बघता राख होतो. करवंटी उशिरा पेटते, सुरुवातीला काजळी धरते, पण ज्वाळा बसली की निखारा घट्ट आणि टिकाऊ. पेटवायला सोडण, धूप घालायला करवंटी. आषाढ-श्रावणात दोन्ही सादळतात, मग धुरात वासाऐवजी ओला कडवटपणा येतो. चुलीशेजारी दोन दिवस ठेवून मगच घ्यायचं. पेटवायचं आणि निखारे उचलायचं काम आजीकडे, खडे टाकायचं तुझ्याकडे. यात वाद नको.

मिश्रणाचं प्रमाण असं: ऊद दोन भाग, राळ एक, गुग्गुळ एक आणि सहाणेवर उगाळून उरलेल्या चंदनाच्या तुकड्याचा कीस अर्धा भाग. ऊद गोडसर, गुग्गुळ कडसर, राळ धूर उचलून धरते. चंदन एकटं घातलं तर निखाऱ्यावर करपतं, उदाच्या रसात मिसळलं तर हळूहळू सुटतं. सगळं जाडसर कुटायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. गुग्गुळ खलबत्त्याला चिकटतो, तो आधी तासभर फ्रीजमध्ये ठेव. एका वेळी चिमूटभर पुरे. धूर विरला की दुसरी चिमूट. मूठभर एकदम टाकलं तर निखाराच गुदमरतो. गुग्गुळ तर जपूनच वापर, कच्छ-राजस्थानातली ती झाडं आता फार कमी उरली आहेत.

राळेची बारीक पूड मात्र कधीच करायची नाही. पूर्वी सोंगं नाचवताना पेटत्या मशालीवर हीच पूड फेकून जाळाचा लोळ उठवत. धुपाटण्यात तेच झालं तर भुवया जातील.

तिन्हीसांजेची वेळ सोयीचीही आहे. दिवसाचा खारा वारा तेव्हा पडलेला असतो, मतलई अजून सुटलेला नसतो, त्यामुळे धूर घरात रेंगाळतो. तरी एक खिडकी उघडीच ठेवायची. निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. म्हणून बंद खोलीत झोपताना धुपाटणं आत ठेवायचं नाही, कितीही थंडी असो.

डासांसाठी कडुनिंबाचा पाला घालायचा तर पडवीत, पाला अर्धवट सुकलेला हवा. धूर आहे तोवर डास लांब राहतात, मरत नाहीत. काकूच्या बाळाला वेखंड-ओव्याची धुरी द्यायची पद्धत आहे, पण तान्ह्याच्या छातीला धूर बाधतो. आजीला सांग, बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा. ती रागावेल, पण ऐकेल.

कापूर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, उघडा राहिला तर आपोआप उडून जातो. आजी त्यात मिरी टाकते. टाकू दे, राखण मात्र झाकणच करतं.

इथे काय जाळतात, हेही विचारलं होतंस. ओमानच्या दक्षिणेला, धोफारमध्ये एका झाडाच्या सालीवर चिरा देतात, पांढरा चीक वाळून खडे होतात. त्याला इथे लुबान म्हणतात. आपल्या दुकानातला ऊद वेगळ्या झाडाचा, मूळचा सुमात्राकडचा. लुबानला लिंबाच्या जवळ जाणारा वास आहे आणि तो मंद आचेवर खुलतो. मी पाठवेन तेव्हा एकच खडा टाकून बघ, आपल्या मिश्रणात मिसळू नकोस.

काम झालं की निखारे राखेने झाक. वरून विझलेले दिसले तरी आत धग तासन्‌तास असते, त्यामुळे ती राख त्या रात्री केरात टाकायची नाही. सकाळी धुपाटणं चिंच लावून घास, उदाचा चिकट थर आधी कोमट पाण्याने सुटत नसेल तर थोडं खोबरेल चोळ.

तुझा
बाबा